एकतिसावा उपदेश

हॉलंडमधल्या वेस्टर्निसेत एखाद्याचं म्हणणं मनावर घ्यायचं, तर त्या माणसाला आधी मरावं लागे. नुसतं मरूनही भागत नसे. मेल्याला निदान दीडशे वर्षं झालेली असावी लागत. शंभर वर्षांपूर्वी गेलेले पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, तिथे ‘हल्लीचे’ समजले जात. जिवंत पाळकांबद्दल लोक फारसं बोलतच नसत. माणूस अजून हिंडता-फिरता आहे, चुकणारच, असा एकूण सूर असे.

त्यामुळे ऐंशी वर्षांपूर्वी गावचा पाळक दुसरीकडे गेला तेव्हा चर्चच्या मंडळीचं काही अडलं नाही. नवा मिळेना, कारण बघायला येणारा प्रत्येक उमेदवार जिवंत निघे. बापानंतर आता दर रविवारी ईझाक वाचनाच्या मेजाशी उभा राही आणि जुन्या पुस्तकातला एक उपदेश वाचून दाखवी. ईझाक मंडळीचा ‘वडील’ होता, म्हणजे कारभार बघणाऱ्या पाचांपैकी एक. वडिलाला वाचायची मुभा होती, बोलायची नव्हती. पदरचा शब्द घालायचा नाही, छापलेला गाळायचा नाही. हा नियम ईझाक इतका काटेकोर पाळी की तळाशी ‘पुढील पान पाहावे’ असं छापलेलं असलं तर तेही तो घसा खाकरून वाची, आणि मागच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्या त्यावर जड मनाने माना डोलवीत.

पुस्तकात बावन्न उपदेश होते. वर्षाचे रविवार तितके. फक्त एकतिसावा नव्हता. त्रेपन्न सालच्या महापुरात समुद्र बांध फोडून चर्चमध्ये शिरला, तेव्हा पुस्तकाची मधली पानं लगदा होऊन गेली. राहिलं ते शीर्षकाचं पान. त्यावर बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रातलं, पाचव्या अध्यायातलं सातवं वचन: तुमची सगळी काळजी त्याच्यावर टाका, कारण त्याला तुमची काळजी आहे. खाली उपदेशकाचं नाव, योसियास फेरकार्ट, सतराशे चाळीस सालचा पाळक. दुसरी एकच प्रत होती, ती युद्धात मिडलबर्गच्या आगीत गेली. पाण्याने एक नेली, आगीने दुसरी. फेरकार्टचं नशीबच तसं.

तेव्हापासून दर ऑगस्टात, एकतिसाव्या रविवारी, आधी ईझाकचा बाप आणि मग ईझाक वचन वाची, फेरकार्टचं नाव वाची, आणि पुस्तक मिटून खाली बसे. जे छापलंय तेवढंच वाचायचं. उरलेला वेळ भरून काढायला मंडळी एकशे एकोणिसावं स्तोत्र गाई. अठ्ठ्याऐंशी कडवी. वेस्टर्निसेत स्तोत्र गायची चाल अशी की एकेका अक्षरावर माणसाने श्वास संपेपर्यंत थांबायचं. त्या रविवारी ऑर्गन वाजवणारा दोन पाव आणि चीज बरोबर घेऊन येई. एके वर्षी एकसष्टाव्या कडव्याला एक बाई बाळंत झाली होती. मंडळी गातच राहिली.

ईझाकची थोरली बहीण पीटरनेला. सगळं गाव तिला नेला म्हणे. तिचं अक्षर छापल्यासारखं होतं, म्हणून पुस्तकाची फाटकी-विटकी पानं पुन्हा लिहून आत चिकटवायचं काम तीस वर्षं तिच्याकडे होतं. शाई, डिंक, दाबायला एक इस्त्री. ती लिही, ईझाक वाची, आणि कोणी ताडून बघत नसे, कारण ताडायला दुसरं पुस्तकच नव्हतं.

नेलाचा नवरा मारीनस कोस्टर चाळीस वर्षं शिंपल्यांच्या बोटीचा तांडेल होता. आता एकोणसत्तराव्या वर्षी त्याच्या हृदयाची झडप बिघडली होती. बुधवारी सकाळी नऊ वाजता रॉटरडॅमला ऑपरेशन. जुनी झडप काढून डुकराची बसवणार होते. डुकराबद्दल मारीनसची काही तक्रार नव्हती. बोटीच्या इंजिनाला त्याने याहून वाईट सुटे भाग बसवले होते आणि ते वीस-वीस वर्षं चालले होते. त्याचं घोडं दुसरीकडे अडलं होतं.

“मेलो तर?” शेंगांचे दोरे काढता काढता तो म्हणाला. ऑपरेशनला आठवडा होता. पाचव्या दिवशीही त्याला झोप नव्हती, आणि डोळ्यांखाली शिंपल्याच्या कवचासारखा रंग चढला होता.

“मेलास तर मला शेंगा एकटीला खाव्या लागतील. नीट काढ दोरे.”

“चेष्टा नाही, नेला. मी तयार नाही.”

“मग काळजी टाकून दे. लिहिलंय तसं. त्याच्यावर टाका म्हणून.”

“ते माझ्यासाठी नाही.”

“मग कुणासाठी आहे? डुकरासाठी?”

“ज्यांना बोलावणं आलंय त्यांच्यासाठी. मला आलेलं नाही. आलं असतं तर कळलं असतं.”

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. मंडळीत तीनशे माणसं, आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर-द्राक्षारस घ्यायच्या, मेजाशी जाऊन बसत ती अकरा. बाकीची आपापल्या बाकावरून बघत. आपण कोण, आपली लायकी काय, उगाच पुढे जाऊन बसायचं आणि वरून कुणी विचारलं ‘तू इथे कसा?’ तर काय सांगायचं? मारीनस पन्नास वर्षं बघणाऱ्यांत होता. शास्त्रातली सगळी वचनं त्याला पाठ होती, आणि त्यांतलं एकही आपल्या पत्त्यावर आलेलं नाही अशी त्याची खात्री होती. देवाशी तो स्वतःच्या शब्दांत कधी बोललाच नव्हता. ओळख नसताना बोलणं बरं दिसत नाही.

“मी सांगते ना, ते तुझ्यासाठी आहे,” नेला म्हणाली.

“तू बायको आहेस. तुला म्हणावंच लागतं.”

“बरं, मग कोणी सांगितलं तर ऐकशील?”

मारीनसने शेंग खाली ठेवली आणि खिडकीतून बांधाकडे बघितलं. “फेरकार्टने काय सांगितलं होतं कोण जाणे. साठ वर्षं मी ते शीर्षक ऐकतोय, आणि पुढे काही नाही. तो असता तर ऐकलं असतं. त्याच्या वेळची माणसं उगाच बोलायची नाहीत.”

नेलाने शेंगांचं भांडं उचललं. तिच्या डोक्यात जे आलं ते इतकं सरळ होतं की तिला ते पाप वाटायलाही सवड झाली नाही.

ती ग्रीक शिकली होती. अकरा वर्षं. शिंपल्यांच्या लिलावघरात फोनवर बसायचं काम होतं, आणि फोन भरतीच्या वेळेलाच वाजत. ओहोटीचे सहा तास रिकामे. चर्चच्या जुन्या बाजारात तिने एक ग्रीक व्याकरण आणि कव्हर नसलेला एक शब्दकोश उचलला होता, कारण दोन्ही वजनदार होते आणि तिला डिंक लावलेली पानं दाबायला काहीतरी हवं होतं. दाबता दाबता उघडून बघितलं. पहिल्या हिवाळ्यात अक्षरं लक्षात राहावीत म्हणून तिने ती मारीनसच्या स्वेटरच्या काठाला ओळीने विणली. बंदरावर सगळ्यांना ते नॉर्वेचं नक्षीकाम वाटलं, आणि दोघांनी तसाच विणून मागितला.

अकरा वर्षांत ती संपूर्ण नवा करार दोनदा वाचून गेली होती. हे गावात फक्त मारीनसला ठाऊक होतं, आणि त्याच्या लेखी ते भरतकामासारखंच होतं. आणि पेत्राच्या त्या वचनात काय आहे हे तिला सात वर्षांपासून माहीत होतं. पक्कं माहीत होतं. अशी गोष्ट माहीत असताना नवऱ्याला कोरडाच सुरीखाली पाठवायचं, हे तिच्या हिशेबात बसेना.

ती तीन दिवस माडीवर बसली. “काय करतेस?” मारीनसने जिन्याखालून विचारलं. “पानं लिहून काढतेय,” ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

मूळ मजकूर कुठेच नसल्यामुळे लिहिताना अडखळायचं कारण नव्हतं. तिला एकाच गोष्टीचं वाईट वाटलं. ‘काळजी’साठी जो ग्रीक शब्द आहे, तो ‘तुकडे होणं’ यावरून आला असं एका पुस्तकात होतं. काळजी म्हणजे मनाचे तुकडे. एवढं सुंदर काही तिने फार दिवसांत वाचलं नव्हतं. पण शब्दकोश म्हणत होता की हे नक्की नाही. तिने अर्धा दिवस शब्दकोशाकडे रागाने बघितलं आणि ते वाक्य खोडलं. फेरकार्ट खोटा असला तरी त्याने खोटं बोललेलं तिला चालणार नव्हतं.

शनिवारी सकाळी ईझाक पुस्तक न्यायला आला. उद्या एकतिसावा रविवार. तो घशासाठी मधाची बाटली विकत घेऊनच आला होता. पुस्तक उघडलं, आणि शीर्षकाच्या पानामागे बावीस पानं बघून तो खुर्चीत बसला.

“ताई. हे काय?”

“एकतिसावा.”

“ते दिसतंय. कुठे सापडला?”

“माडीवर.”

“माडीवर? बाबांच्या घराच्या माडीवर? सत्तर वर्षं?”

“मी काही सत्तर वर्षं माडीवर नव्हते, ईझाक.”

“बाबा जन्मभर शोधत होते! झेलंडमधल्या प्रत्येक पाळकाला पत्र लिहिलं त्यांनी!”

“बाबांना गुडघ्याचा त्रास होता. माडी चढायचे नाहीत.”

ईझाकने पहिल्या पानावर हात फिरवला. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि नेलाला पहिल्यांदाच आपण चोरी केल्यासारखं वाटलं. पण तो लगेच म्हणाला, “म्हणजे उद्या एकशे एकोणिसावं नाही?” आणि त्याचा चेहरा असा उजळला की तिने मनातल्या मनात स्वतःला माफ करून टाकलं.

रविवारी चर्च भरलं होतं. बातमी रात्रीतून फिरली होती; शेजारच्या गावातले चार जणही आले होते, ते फेरकार्टसाठी की स्तोत्र चुकल्याचं बघायला, हे कळायला मार्ग नव्हता. उपदेशाचा पहिला भाग सुरू झाला की प्रत्येकाने एक पेपरमिंट तोंडात टाकायची, दुसऱ्याला दुसरी, तिसऱ्याला तिसरी, अशी तिथली रीत. नेला बायकांच्या बाजूला बसली होती. तिथून तिला मारीनसचा डावा कान दिसे, आणि तेवढा पुरे होता. चाळीस वर्षांच्या संसारात त्या कानावरून तिने पुष्कळ काही ओळखलं होतं.

ईझाकने वाचायला सुरुवात केली.

“‘श्रोतेहो, प्रेषित म्हणतो, टाका. ग्रीक भाषेत हा शब्द साऱ्या नव्या करारात दोनच वेळा येतो. एकदा येथे. आणि दुसऱ्यांदा कोठे? जेव्हा प्रभू यरुशलेमेस निघाला तेव्हा शिष्यांनी आपले झगे गाढवाच्या शिंगरावर टाकले, तेथे. पाहा, ते झगे त्यांनी घडी करून ठेविले नाहीत. गाढवाची परवानगी घेतली नाही. आपला झगा या कामी शोभेल काय, असा विचार करीत कोणी वेशीबाहेर उभा राहिला नाही. झगा होता, गाढव होते, टाकिला. आणि गाढव तर उसने आणिलेले होते. आणि त्या झग्यांना शिंगराचे केस व घाम लागला असेल, व ते सायंकाळी कोणी तरी धुतलेच असतील. त्या कोणाविषयी शास्त्र गप्प आहे.’”

कान किंचित हलला.

दुसऱ्या भागाला पेपरमिंटच्या कागदांचा सळसळाट व्हायला हवा होता. झाला नाही. लोकांनी पेपरमिंटा मुठीत धरून ठेवल्या होत्या.

“‘आता, त्याला तुमची काळजी आहे, हे शब्द. हाच ग्रीक शब्द पेत्राने पूर्वी एकदा ऐकिला होता. कोठे? नावेत. वादळ सुटले होते, नावेत पाणी भरत होते, आणि प्रभू मागल्या बाजूस उशीवर निजला होता. तेव्हा शिष्यांनी त्याला हलवून म्हटले, गुरुजी, आम्ही बुडतो आहोत, तुला काही आहे की नाही? श्रोतेहो, हा उद्धट प्रश्न आहे. झोपलेल्या माणसाला असे कोणी विचारीत नाही. आणि मार्था? तीही स्वयंपाकघरातून हात पुसत येते आणि तोच शब्द उच्चारिते: प्रभू, बहीण मला एकटीला कामाला जुंपून बसली आहे, तुला काही आहे की नाही? तिलाही कोणी दाराबाहेर काढिले नाही. वादळ शमले तेव्हा नावेत लायक कोण व नालायक कोण हे आधी निवडून घेतले, असे लिहिलेले नाही. नाव एकच होती.’”

मागच्या बाकावर कुणीतरी नाक शिंकरलं.

“‘आणि तिसऱ्यांदा प्रभूच स्वतः तो शब्द उच्चारितो. भाडोत्री मेंढपाळ लांडगा पाहून पळतो, कारण त्याला मेंढरांचे काही नसते. तर मग, नावेतल्या त्या प्रश्नाचे उत्तर काय? शिष्यांनी विचारिले, तुला काही आहे की नाही. त्या दिवशी प्रभूने वाऱ्याला उत्तर दिले, त्यांना दिले नाही. वर्षे गेली. सुमारे तीस. मग पेत्र, जो त्या नावेत होता, ज्याचे कपडे त्या दिवशी भिजले होते, तो म्हातारा झाला आणि त्याने पत्र लिहिले. आणि त्या पत्रात तोच शब्द, उत्तर म्हणून: त्याला आहे. तुमचे, त्याला आहे. पुढील पान पाहावे.’”

तेवढं तिने सवयीने लिहिलं होतं.

उपदेश संपल्यावर चर्चमध्ये कोणी खोकलं नाही. असं त्या गावात फक्त एकदा, भूकंपाच्या वेळी झालं होतं.

नंतर ईझाकच्या घरी कॉफी. मध्ये चिकट बोलुसचं, म्हणजे गोड पावांचं, ताट, दालचिनीचा वास, आणि दहा-बारा माणसं एकदम बोलत होती. जुने ते जुनेच, असं म्हणून शिंप्याची दीना रडत होती.

“माझी आजी ह्याच उपदेशावर गेली,” ती म्हणाली. “हाच ऐकत ऐकत. गाढवापर्यंत आली आणि डोळे मिटले.”

“तुझी आजी सायकलवरून पडून गेली ना?” ईझाकच्या बायकोने विचारलं.

“पडल्यावर ऐकला.”

निवृत्त नोटरी आद्रियान खिडकीपाशी बसला होता. त्याच्याकडे तीन हजार जुनी पुस्तकं होती, आणि गावात धर्माच्या बाबतीत त्याचा शब्द अखेरचा. म्हणजे जिवंतांमधला. नेलाने त्याच्या कपात कॉफी ओतली आणि वाट बघितली. पकडलं तर हाच पकडेल.

“मी हा वाचलाय,” आद्रियान म्हणाला.

नेलाने किटली धरूनच ठेवली.

“लहानपणी. आजोबांच्या प्रतीत. शब्द न् शब्द हाच. नावेचा भाग तर मला अजून पाठ आहे.” त्याने बोलुसचा तुकडा मोडला. “फक्त गाढव मुळात जरा लांब होतं.”

“किती लांब?” नेलाने विचारलं.

“दोन पानं तरी. नकलणाऱ्याने छाटलंय.”

“वाईट झालं,” नेला म्हणाली.

“चालायचंच. फेरकार्टची धार मात्र कायम आहे. आता असा माणूस होणे नाही.” आणि त्याने सुचवलं की हे छापून काढावं, प्रस्तावना तो स्वतः लिहील. सगळ्यांनी माना डोलावल्या. मारीनसने तेवढी डोलावली नाही. त्याने कप बशीवर उपडा घातला, टोपी उचलली आणि म्हणाला, “चल.”

बांधावरून घरी जाताना वारा समोरून येत होता. उजवीकडे ओहोटीचं पाणी मागे सरलं होतं आणि चिखलात पक्षी चोची मारत होते. अर्धी वाट मारीनस वाऱ्यात डोकं खुपसून चालला. मग थांबला. नेलाला वाटलं, दम लागला.

“सतराशे चाळीस साली,” तो म्हणाला, “झेलंडमधल्या एकाही पाळकाला झगे कोण धुतं हे माहीत नव्हतं.”

नेलाने डोक्यावरचा रुमाल घट्ट बांधला.

“आजही नाही माहीत.”

“मारीनस—”

“तू मला फसवलंस.”

“हो.”

“ईझाकला पण.”

“ईझाकला जास्त. तो रडला.”

“आणि अख्ख्या मंडळीला. त्या आद्रियानला तर—”

“नाही हं. आद्रियानने स्वतःला फसवलं. मी फक्त कॉफी ओतत होते.”

मारीनसच्या तोंडाचा एक कोपरा हलला, पण त्याने तो आवरला. “मला वाटलं होतं, खरोखर तो सापडला. मी तिथे बसलो आणि मला वाटलं, चला, शेवटी कळलं. आणि मग ते झगे आले.” त्याने छातीवर बोट टेकवलं. “तीन दिवसांनी माझी छाती उघडणारेत, नेला. मी कशावर भरवसा ठेवायचा? तुझ्या शाईवर?”

आता हसण्यावारी नेण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे तिला कळलं. तिने त्याच्याकडे सरळ बघितलं.

“शाई माझी. फेरकार्ट खोटा. ग्रीक खरं आहे.”

“कशावरून?”

“घरी चल. दाखवते.”

रविवारी दुपारी वेस्टर्निसेत सुईसुद्धा उचलत नाहीत, पण शास्त्र उघडायला बंदी नव्हती. नेलाने स्वयंपाकघराच्या मेजावर ग्रीक करार ठेवला, शेजारी बिनकव्हरचा शब्दकोश. मारीनसला ग्रीक येत नव्हतं. पण स्वेटरच्या काठावरची अक्षरं त्याने अकरा वर्षं बघितली होती, आणि कमी उजेडात खुणा ओळखायचा तर त्याचा धंदाच होता.

“हा शब्द,” ती म्हणाली. “मेलेइ. पाच अक्षरं. चेहरा लक्षात ठेव.”

त्याने चष्मा लावला आणि बराच वेळ त्या शब्दाकडे बघितलं, जसं तो नव्या खलाशाकडे बघे. “हं. पुढे.”

तिने मार्क उघडला. “सांगू नकोस,” तो म्हणाला, आणि बोट ओळीवरून हळूहळू सरकवत नेलं. चुकलं. परत आलं. मग थांबलं. “हा.”

“हा. नावेतला.”

लूक. पुन्हा बोट, पुन्हा तितकाच वेळ. बाहेर कुणाचा तरी कुत्रा भुंकत होता. “हा. ही मार्था?”

“ती.”

योहान. इथे तो लवकर सापडला. आणि मग पेत्र, आणि तिथे मारीनसचं बोट शब्दावर पडलं आणि तिथेच राहिलं. नेलाला वाटलं, आता म्हणेल की पेत्र प्रेषित होता, मी शिंपलेवाला.

“समुद्रात धुकं असलं,” मारीनस शेवटी म्हणाला, “तर आपण कुठे आहोत हे एका खुणेवरून कळत नाही. एक मनोरा दिसला तर काहीच सिद्ध होत नाही. दुसरा दिसला की अंदाज येतो. तिसऱ्याची रेघ पण त्याच ठिकाणी येऊन मिळाली, की संपलं. मग खलाशी कोण, शहाणा की येडा, कोणी विचारत नाही. तिथेच असतोस तू.” त्याने चारही जागी खुणेला शनिवारच्या शेंगांचे दोरे घातले, कारण दुसरं काही हाताशी नव्हतं. “हे तू मला आधीच का नाही सांगितलंस?”

“सांगितलं होतं. तू म्हणालास, बायको आहेस.”

“मग?”

“मग मेले.”

तो हसला. छातीवर हात ठेवून, जपून, पण हसला. “अजून दीडशे वर्षं थांबायला मला वेळ नाही. वाच पुन्हा. तुझ्याच आवाजात. झग्यांपासून.”

तिने वाचलं. ‘पुढील पान पाहावे’ मात्र गाळलं.

सोमवारी तिने ईझाकला सगळं सांगितलं. मारीनसच्या हाती ते पोचलं होतं, आता झाकून ठेवायचं कारण नव्हतं. ईझाकची पाचावर धारण बसली.

“म्हणजे मी बाईमाणसाचा उपदेश वाचला? मेजावरून?”

“थोरल्या बहिणीचा. लहानपणी मीच तुला वाचायला शिकवलं, ते चाललं.”

“मला राजीनामा द्यावा लागेल! उभं राहून सांगावं लागेल सगळ्यांना!”

“सांग की. मी पण उभी राहते.”

ईझाकने दोन येरझाऱ्या घातल्या. मग थांबला. मग पुन्हा दोन. “पण उभं राहून सांगितलं तर आद्रियान खोटा पडतो.”

“पडतो खरा.”

“आणि दीनाची आजी.”

“ती दुसऱ्यांदा पडते.”

“शेजाऱ्याची अब्रू घेऊ नये, असं सरळ लिहिलंय,” ईझाक म्हणाला, आणि त्याच्या खांद्यांवरून गोणभर मीठ उतरल्यासारखं झालं. “दोन म्हाताऱ्या माणसांची अब्रू मी एकट्याच्या मनःशांतीसाठी घेऊ? ते पाप होईल.” त्याने पुस्तक उघडलं, पेन मागितलं, आणि शीर्षकाच्या पानावर फेरकार्टच्या नावाखाली अगदी बारीक अक्षरात लिहिलं: ‘नक्कल व जुळवाजुळव, पी. कोस्टर.’ वडील म्हणून एवढं खरं त्याला लिहावंच लागलं. पुढच्या वर्षी ते छापलेल्यासारखंच वाचावं लागेल, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा शाई वाळली होती.

“वाचशील?” नेलाने विचारलं.

“पुस्तकात आहे म्हटल्यावर वाचणारच,” ईझाक म्हणाला. “मी कोण गाळणारा?”

बुधवारी रॉटरडॅमच्या त्या दवाखान्यात चार खाटांची खोली होती, मध्ये पडदे. मारीनसला हिरवा सदरा घातला होता, मागून उघडा, आणि त्यावर त्याने डोक्यावरची टोपी काढायला नकार दिला होता. नर्सने नेलाला पडद्याबाहेर थांबायला सांगितलं. दोन मिनिटं, सुई टोचायची आहे. सुई टोचून नर्स बाहेर आली. नेला आत जायला वळली आणि पडद्याच्या फटीपाशी थांबली.

मारीनस बोलत होता. खोलीत दुसरं कुणी त्याच्याशी बोलत नव्हतं. मोठ्याने बोलत होता, बंदरावर दुसऱ्या बोटीला हाक मारावी तसा.

“हे बघ. मी मारीनस कोस्टर, वेस्टर्निसेचा. आपली ओळख नाही, पण माझी बायको म्हणते चालतं. इथे पाणी भरतंय. नेला एकटी पडेल. गोठ्याचं छप्पर गळतंय. पोरगी दोन वर्षं बोललेली नाही माझ्याशी, आणि त्यात चूक माझी आहे. आणि मला भीती वाटते. तुला काही आहे की नाही?”

शेजारच्या पडद्याआडून एक म्हातारा म्हणाला, “माझं पण सांग रे त्याला. मूत्रपिंड.”

“आणि ह्याचं मूत्रपिंड,” मारीनस म्हणाला. मग त्याने टोपी काढून खाटेवरून बाजूच्या खुर्चीवर भिरकावली. ती चुकून जमिनीवर पडली. “झालं. सगळं टाकलं. राहिलं असेल ते तू शोध.”

माणसं आली, खाट ढकलत घेऊन गेली. दारातून जाताना त्याने नेलाकडे बघितलं आणि म्हणाला, “टोपी उचल.” चेहरा आठवड्यापूर्वीचा नव्हता.

नेलाने टोपी उचलली आणि बाकावर बसली. पाच तास लागतील असं सांगितलं होतं. तिने वेळ काढायला विणकाम आणलं होतं, सफरचंदं आणली होती, मोठ्या अक्षरांतला करार आणला होता, आणि चिंता करायला अख्खी सकाळ मोकळी ठेवली होती. दहाव्या मिनिटाला ती झोपली. इतकी गाढ, आणि अशी घोरत, की दुपारी डॉक्टर सगळं ठीक झालं हे सांगायला आले तेव्हा नर्सला तिला तीनदा हलवावं लागलं.